अकरा रात्री, पाच गावं: आई-बाबांना घेऊन दक्षिण स्पेनची आखणी

जूनमधल्या एका रविवारी जेवणं झाल्यावर नवऱ्यानं टेबलावर एक कागद पसरला. माद्रिद, टोलेडो, कोर्डोबा, सेव्हिल, कादिझ, जिब्राल्टर, रोंडा, मालागा, ग्रनाडा, व्हॅलेन्सिया, बार्सिलोना. अकरा नावं आणि अकराच रात्री. माद्रिदच्या विमानतळावर गाडी ताब्यात घ्यायची आणि बार्सिलोनाला सोडून द्यायची. बाबांनी चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "रोज सकाळी बॅग भरायची असेल तर मी घरीच बरा. तुम्ही जाऊन या."

बाबा ७२ वर्षांचे. एका गुडघ्याचं रोपण झालंय. सपाटीवर तासभर सहज चालतात, पण जिने उतरताना त्रास होतो. आई ६७, शाकाहारी, अंडंही चालत नाही. मुलगा अकरा वर्षांचा. आम्ही दोघं नोकरीवाले, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीला जोडून मिळतील तेवढेच दिवस हातात. भाऊबीज २३ ऑक्टोबरला होती. त्याच रात्री मुंबईहून निघायचं आणि ४ नोव्हेंबरला माद्रिदहून परतीचं विमान पकडायचं, एवढं पक्कं होतं. मधल्या अकरा रात्री कशा वाटायच्या यावर आम्ही पुढचे दीड महिने घातले. तो हिशोब इथे सविस्तर मांडते आहे, कारण आई-वडिलांना घेऊन युरोपला जाणाऱ्या बऱ्याच घरांत असाच एक कागद तयार होत असणार.

पहिल्या कागदाचा हिशोब

आधी मी त्या अकरा गावांमधली अंतरं लिहून काढली. बेरीज जवळपास २,००० किलोमीटर आली आणि नुसतं चालवण्याचे तास २२. नवऱ्याचं म्हणणं होतं, "रोज दोनच तास होतात की." सरासरी म्हणून ते बरोबर होतं. पण ग्रनाडा ते व्हॅलेन्सिया एकटंच पाच तासांचं आहे, आणि शिवाय एकटा तोच गाडी चालवणार होता, तीही डावीकडे स्टिअरिंग असलेली, रस्त्याच्या उजव्या बाजूनं.

मला मात्र २२ तासांपेक्षा वेगळी गोष्ट खटकत होती. युरोपातली हॉटेलं साधारण अकरा-बाराला खोली सोडायला लावतात आणि पुढच्या गावातली खोली तीनच्या सुमारास हातात येते. मधले तीन-चार तास माणूस सामानासकट बिनघराचा असतो. तरुण माणसं पाठीवर सॅक टाकून ते तास हिंडून काढतात. सत्तरीतल्या माणसाला नेमकी तेव्हाच पाठ टेकायची असते, औषधं घ्यायची असतात, स्वच्छतागृह जवळ हवं असतं. रोज गाव बदललं की हे बिनघराचे तास रोज येतात. पहिल्या कागदावर ते दहा वेळा येत होते.

म्हणून आम्ही दिवस मोजणं सोडून रात्री मोजायला घेतल्या. दोन नियम ठरवले. ज्या दिवशी गाव बदलतं तो दिवस अर्धाच धरायचा, त्या दिवशी बघण्याची एकच गोष्ट. आणि एका रात्रीचा मुक्काम फक्त सबळ कारण असेल तरच.

या चाळणीतून बार्सिलोना आणि व्हॅलेन्सिया लगेच गळाले. ती दोन्ही भूमध्य समुद्राच्या बाजूला, वेगळ्या प्रांतात आहेत आणि त्यांची वेगळी सहल होऊ शकते. मुलाला वाईट वाटलं, त्याला बार्सिलोनाचं कॅम्प नू हे फुटबॉल स्टेडियम बघायचं होतं. पण त्या स्टेडियमचं नूतनीकरण चालू होतं, तेव्हा माद्रिदच्या बेर्नाबेऊवर समेट झाला. जिब्राल्टर वगळायला कारण आणखी सोपं. तो ब्रिटिश प्रदेश, शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या बाहेर. आमचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा मिळाला तर तिकडे पाऊल टाकल्यावर स्पेनमध्ये परत येण्याचाच प्रश्न उभा राहणार. कादिझ आणि मालागा सुंदर आहेत असं सगळे सांगतात, पण समुद्र आम्हाला अलिबागला आणि तारकर्लीला भेटतो. टोलेडो तेवढं चटका लावून गेलं. माद्रिदहून रेल्वेनं अर्ध्या तासाचं गाव, पण सगळं चढावर. गुडघ्यासाठी सोडलं.

उरलं ते आंदालुसिया, स्पेनचा दक्षिणेकडचा प्रांत: कोर्डोबा, सेव्हिल, रोंडा आणि ग्रनाडा. या चारांना जोडणारी एक गोष्टही आहे, ती माझ्या मनात शाळेपासून होती. आठव्या शतकात उत्तर आफ्रिकेतून आलेल्या मुस्लिम सत्तेनं कोर्डोबाला राजधानी केलं. ७८५ मध्ये तिथल्या मोठ्या मशिदीचं बांधकाम सुरू झालं. १२३६ मध्ये कोर्डोबा ख्रिस्ती राजाकडे गेलं, १२४८ मध्ये सेव्हिल. आणि सगळ्यात शेवटी, २ जानेवारी १४९२ ला, ग्रनाडा. आमचा मार्ग आपोआपच काळाच्या ओघानं चालला होता, आणि मुलाला तो तसा सांगता येणार होता.

रेल्वे कुठे, गाडी कुठे

माद्रिद ते कोर्डोबा रस्त्यानं ४०० किलोमीटर, चार तासांच्या वर. हायस्पीड रेल्वेनं पाऊणे दोन तास. ही स्पेनची पहिली हायस्पीड लाईन, माद्रिद ते सेव्हिल, ४७१ किलोमीटर, एप्रिल १९९२ मध्ये सेव्हिलच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्तानं सुरू झालेली. देशाच्या बाकी रेल्वेचा रूळ १,६६८ मिलिमीटर रुंद, आपल्या ब्रॉडगेजपेक्षा किंचितच कमी. ही लाईन मात्र युरोपच्या मापानं १,४३५ मिलिमीटरची टाकली. बाबा रेल्वेत नोकरीला होते, ही माहिती त्यांनीच शोधून काढली आणि त्या दिवसापासून त्यांचं मन सहलीत यायला लागलं.

तरी पाऊणे दोन तास हा आकडा फसवा आहे. आम्ही दारापासून दारापर्यंत मोजलं. सव्वादहाला हॉटेल सोडायचं. आतोचा स्टेशनवर सामान यंत्रातून तपासून घ्यावं लागतं, फलाटाचा क्रमांक गाडीच्या थोडा आधी फलकावर येतो, आणि सुटण्याच्या दोन मिनिटं आधी दार बंद. म्हणजे पाऊण-एक तास हातात हवाच. साडेअकराची गाडी, सव्वाला कोर्डोबा, टॅक्सी, पाऊणे दोनला हॉटेलच्या दारात. एकूण साडेतीन तास. पण त्यातला मोठा भाग बसून, खिडकीबाहेर बघत, डबा खात. नवराही मोकळा. कोर्डोबा ते सेव्हिल तर पाऊणच तास.

मग गाडी का घ्यायची? कारण रोंडा. सेव्हिलहून रोंडाला थेट रेल्वे नाही, मधे बदलून जावं लागतं, आणि रोंडाच्या आसपासची डोंगरातली पांढरी गावं रेल्वेच्या वाटेवर नाहीतच. तेवढ्या तुकड्यासाठी गाडीला पर्याय नव्हता. म्हणून गाडी फक्त दोन रात्रींची: सेव्हिलला घ्यायची, ग्रनाडाला सोडायची. एकूण साडेचारशे किलोमीटर. दुसऱ्या गावी सोडण्याचा जादा आकार पडतो. नवऱ्याला तो टोचला, पण गाडी परत सेव्हिलला नेऊन सोडायची तर एक अख्खा दिवस गेला असता.

रस्त्यांपेक्षा मला शहरांची भीती होती. कोर्डोबा, सेव्हिल, ग्रनाडा या तिन्ही ठिकाणी जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना मनाई असलेले रस्ते आहेत. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड नंतर भाड्याच्या कंपनीमार्फत घरी येतो. ज्या शहरांत गाडी अडचण होते तिथे ती आमच्याकडे नसावी, हे मी अडून बसून मान्य करून घेतलं.

कॅलेंडरमधले तीन खडे

तारखा ठरल्यावर कॅलेंडर बारकाईनं बघितलं आणि तीन गोष्टी सापडल्या. यातली एकही नकाशावर दिसत नाही.

पहिली, घड्याळ. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. २०२५ मध्ये तो रविवार २६ ऑक्टोबरचा, म्हणजे आमच्या सहलीच्या तिसऱ्या पहाटे. त्याआधी माद्रिदला सकाळी साडेआठनंतर उजाडतं. आपल्या सवयीनं सातला फिरायला निघालो तर मिट्ट काळोख. घड्याळ बदलल्यावर सेव्हिलला पाऊणे आठला सूर्योदय आणि साडेसहाच्या आत सूर्यास्त. म्हणून गाडीच्या दिवसांसाठी एक रेघ मारली: साडेपाचनंतर चाक फिरणार नाही.

दुसरी, रविवार. कोर्डोबाच्या मशिदीच्या पोटात सोळाव्या शतकात उभारलेलं कॅथेड्रल आहे आणि ते चालू प्रार्थनास्थळ आहे. रविवारी सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी पर्यटकांना प्रवेश नसतो. आम्ही नेमके रविवारी पोचणार होतो. म्हणून तिथे एक रात्र ठेवली. सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठपासून तासाभरासाठी तिथे गट सोडत नाहीत, शांतता असते आणि प्रवेशही मोफत. एका रात्रीच्या मुक्कामाला याहून सबळ कारण काय हवं?

तिसरी, शनिवार १ नोव्हेंबर. सर्व संतांचा दिवस, देशभर सुट्टी. त्याच दिवशी ग्रनाडाला गाडी परत करायची होती आणि शहरातलं कंपनीचं कार्यालय बंद होतं. आधी घाबरलो, मग लक्षात आलं की हे उलट बरंच झालं. ग्रनाडाचा विमानतळ शहराच्या पश्चिमेला पंधरा-सोळा किलोमीटरवर, अँतेकेराकडून येणाऱ्या महामार्गाच्या बाजूलाच आहे आणि तिथला काउंटर सुट्टीलाही उघडा होता. गाडी तिथेच सोडायची आणि टॅक्सीनं शहरात जायचं. गल्ल्यांत गाडी घालण्याचा प्रश्नच मिटला.

बुकिंग कशाच्या मागे काय

क्रम महत्त्वाचा, कारण एकेक गोष्ट दुसरीवर टांगलेली असते. आम्ही अल्हांब्रापासून, म्हणजे ग्रनाडाच्या जुन्या महाल-किल्ल्यापासून सुरुवात केली, कारण सगळ्यात कमी लवचीक तेच होतं. तिथल्या नासरी महालांत जाण्याची वेळ तिकिटावर छापलेली असते, ती चुकली की आत सोडत नाहीत. तिकीट पासपोर्टच्या नंबरावर निघतं. सुट्टीला जोडून आलेला रविवार, म्हणजे स्पॅनिश लोकांचीही गर्दी. व्हिसा यायच्या आधी तिकिटं काढली तर पैसे बुडण्याचा धोका, नंतर काढावी तर मिळतील याचा भरवसा नाही. आम्ही धोका पत्करला. तिकिटांचे पैसे गेले असते तर सोसले असते. ग्रनाडाला जाऊन अल्हांब्रा न बघता परतणं सोसलं नसतं. वेळ साडेदहाची घेतली. साडेआठची मोकळी होती, पण बाबांना सकाळी दोन तास लागतात आणि त्यांना घाई केलेली मला आवडत नाही.

मग ग्रनाडा ते माद्रिद रेल्वे. माद्रिद-सेव्हिल मार्गावर आता तीन कंपन्या धावतात, एक गाडी चुकली तर दुसरी मिळते. ग्रनाडाला मात्र रेन्फे या सरकारी रेल्वे कंपनीच्याच मोजक्या गाड्या. त्यानंतर हॉटेलं, सगळी रद्द करता येण्याजोगी, कारण व्हिसाच्या अर्जाला मुक्कामाचे कागद लागतात. व्हिसाचं शुल्क मोठ्यांना ९० युरो, बारा वर्षांखालच्या मुलाला ४५. सोबत किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. आम्ही जुलैअखेर केला. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओमधून निघतो आणि एक वर्ष चालतो, त्याला फारसा त्रास नाही.

गाडीच्या बाबतीत दोन गोष्टींवर वेळ घालवला. ऑटोमॅटिक वेगळी मागावी लागते, नाहीतर गिअरची मिळते. आणि पाच माणसं बसतात म्हणजे पाच माणसांचं सामानही बसतं असं नाही. आम्ही घरीच दोन मोठ्या आणि तीन लहान बॅगा हॉलमध्ये मांडून बघितल्या आणि एक आकार मोठी गाडी घेतली.

शेवटचा आराखडा असा झाला: माद्रिद दोन रात्री, कोर्डोबा एक, सेव्हिल तीन, रोंडा दोन, ग्रनाडा दोन आणि परतीच्या आदल्या रात्री पुन्हा माद्रिद. सेव्हिलच्या तीन दिवसांतला बुधवार पूर्ण कोरा. नवऱ्यानं विचारलं, "बुधवारी काय?" मी म्हटलं, "काही नाही." त्याला ते पटत नव्हतं. सहा तासांत कादिझ होऊन येतं, असं त्यानं दोनदा सुचवलं. मी तो चौकोन कोराच ठेवला.

प्रत्यक्षात

माद्रिदच्या विमानतळावर रांग लांब होती. १२ ऑक्टोबरपासून शेंगेनच्या सीमांवर बोटांचे ठसे आणि फोटो नोंदवण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्यानं सुरू झाली होती, आम्ही पंधरवड्यातच पोचलो. त्या दिवशी पुढे काहीच ठेवलेलं नव्हतं, म्हणून कुणी घड्याळाकडे बघितलं नाही. सामानात चिवडा, चकली आणि शंकरपाळे होते. पेढे-बर्फी घरीच ठेवली होती, कारण बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला युरोपीय संघात मनाई आहे.

जेवणाच्या वेळांशी जुळवून घ्यायला दोन दिवस गेले. दुपारचं जेवण दीड ते चार, आणि रात्रीची स्वयंपाकघरं आठ-साडेआठच्या आधी सुरूच होत नाहीत. आई-बाबा आठला जेवून नऊला झोपणारे. तिसऱ्या दिवशी उपाय सापडला: दुपारचं जेवण हेच मुख्य, पोटभर आणि सावकाश, मग खोलीवर झोप, आणि रात्री हलकं काहीतरी खोलीतच. सेव्हिलला स्वयंपाकघर असलेलं घर घेतलं होतं, तिथे मुगाची खिचडी झाली. बाहेर आईला सगळ्यात आवडली ती सेव्हिलची पालक आणि हरभऱ्यांची भाजी, जिऱ्याचा वास येणारी. पहिला घास घेऊन म्हणाली, "अगं, हे तर आपल्याकडचंच." सालमोरेखो नावाचं टोमॅटोचं घट्ट थंड सूपही चालतं, पण त्यावर उकडलेलं अंडं आणि हॅम भुरभुरतात. ते नको म्हणून आधीच सांगावं लागतं.

कोर्डोबात माझी चूक झाली. हॉटेल मशिदीपासून दोन मिनिटांवर घेतलं, जुन्या ज्यू वस्तीत. टॅक्सी गल्लीच्या तोंडाशीच थांबली. पुढे अडीचशे मीटर गोट्यांच्या फरसबंदीवरून पाच बॅगा. बाबांना आणि आईला पुढे पाठवून आम्ही दोन फेऱ्या मारल्या. "प्रेक्षणीय स्थळाजवळ" हे शब्द बघून मी भुलले होते. टॅक्सी दारापर्यंत येते का हे विचारायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला आम्ही त्या ८५६ खांबांमध्ये उभे होतो. आत मोजकी माणसं, वर लाल-पांढऱ्या दुहेरी कमानी आणि पायांचेच आवाज. बाबा एका खांबापाशी बराच वेळ थांबले. मुलगा खांब मोजायला गेला आणि कुठेतरी नव्वदीत मोजणं सोडून नुसता चालत राहिला. तो तास या सगळ्या आखणीचं फळ होता असं मला वाटतं. अकराची गर्दी सुरू व्हायच्या आत आम्ही चहाला बाहेर होतो.

सेव्हिलला मंगळवारी कॅथेड्रल झाल्यावर बाबांनी हिराल्दा चढायचं ठरवलं. हा मूळचा मशिदीचा मिनार. अगदी टोकाच्या काही पायऱ्या सोडल्या तर वर जायला जिना नाही, पस्तीस उतार आहेत. अजान देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून तसे केले असं सांगतात. "जिना नाही ना? मग मला काय अडचण?" असं म्हणून बाबा निघाले. चढले, वरून शहर बघितलं, खूश झाले. अडचण उतरताना आली. उताराचा सगळा भार गुडघ्यावर येतो. संध्याकाळी गुडघा सुजला.

बुधवारी सकाळपासून पाऊस लागला होता. आमचा चौकोन कोरा होता. बाबा पाय उशीवर ठेवून बर्फ लावत पडले, आईनं तिघांचे कपडे धुऊन वाळत घातले, मुलानं पत्ते काढले. दुपारी आम्ही दोघं छत्री घेऊन नदीकाठानं चालून आलो, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी असं दोघंच. त्या दिवशी कादिझची तिकिटं काढलेली असती तर एक तर सुजल्या गुडघ्यानं पावसात जावं लागलं असतं, नाहीतर बाबांना "माझ्यामुळे तुमचं बुडालं" असं वाटत राहिलं असतं. गुरुवारी सकाळपर्यंत सूज उतरली.

गुरुवारी सांता हुस्ता स्टेशनवर गाडी घ्यायला गेलो तेव्हा पन्नास मिनिटं अडकलो. पैसे माझ्या कार्डानं भरले होते, पण अनामत रक्कम गाडी चालवणाऱ्याच्याच क्रेडिट कार्डावर अडकवायची असते. नवऱ्याच्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद होते. बँकेच्या ॲपमधून ते चालू करायचे, त्याचा ओटीपी भारतातल्या सिमवर येणार, आणि त्या सिमचं रोमिंग घ्यायचं राहिलेलं. स्टेशनच्या वायफायवरून पॅक घेतला, मग गाडी मिळाली. त्या दिवसाच्या खात्यात फक्त सव्वाशे-दीडशे किलोमीटर होते, म्हणून पन्नास मिनिटं जिरून गेली. पहिली वीस मिनिटं मी शेजारी बसून प्रत्येक वळणावर "उजवीकडे, उजवीकडेच" एवढंच म्हणत होते. गोल चौकात आत असलेल्याला आधी वाट द्यायची, हे तिथे सगळे पाळतात, त्यामुळे नवऱ्याचा हात लवकर बसला.

साआरा दे ला सिएर्रा हे डोंगराच्या सोंडेवरचं पांढरं गाव, खाली निळंशार धरण. तिथून ग्रासालेमाला जायला पालोमासची खिंड ओलांडावी लागते: अरुंद रस्ता, एकामागून एक वळणं, कठडा असेल तिथे असेल. ग्रासालेमा स्पेनमधल्या सगळ्यात जास्त पावसाच्या ठिकाणांपैकी एक, अटलांटिकचे ढग पहिल्यांदा इथेच अडतात. आम्ही घरीच ठरवून ठेवलं होतं की खिंड ढगात असेल तर तिथे जायचं नाही, अल्गोदोनालेसहून मोठ्या रस्त्यानं सरळ रोंडा. जेवून बाहेर आलो तर खिंड दिसतच नव्हती. नवरा म्हणाला, "आंबोलीत याहून दाट धुक्यात चालवलीय मी." खरंच चालवलीय. पण आंबोलीत स्टिअरिंग उजवीकडे होतं. दोन मिनिटांत निर्णय झाला आणि कुणाला कमीपणा वाटला नाही, कारण तो आधीच झालेला होता.

रोंडाला दोन रात्री असल्यामुळे ग्रासालेमा हुकलं नाही, नुसतं शुक्रवारवर गेलं. त्या दिवशीचं ओल्वेरा हे दुसरं पांढरं गाव त्याच्यासाठी गाळलं. शुक्रवारी आभाळ धुतल्यासारखं होतं. सकाळी रोंडाच्या बाजूनं पाऊण तासात ग्रासालेमा, खिंडीच्या टोकापर्यंत जाऊन परत, तिथेच जेवण. दुपारी आम्ही फुटलो. आई-बाबा रोंडातच दरीच्या कडेच्या अलामेदा बागेत बाकावर बसले. आम्ही तिघं सेतेनिलला गेलो, जिथे अख्खी गल्ली एका प्रचंड खडकाच्या कपारीखाली वसली आहे. संध्याकाळी परत आलो तर बाबा आईला रोंडाच्या दरीवरच्या पुलाची माहिती देत होते: १७९३ मध्ये पुरा झालेला, ९८ मीटर उंच, मधल्या कमानीच्या वर कोठडी. त्यांनी तो पूल त्या दिवशी तीन बाजूंनी, तीन वेगवेगळ्या उजेडात बघितला होता. आम्ही धावतपळत बघितला असता तर एकदाच बघितला असता.

शनिवारी रोंडा ते अँतेकेरा, तिथे जेवण. गावाबाहेरचा तो डोंगर, आडव्या झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखा, मुलानं मी सांगायच्या आत ओळखला. साडेतीनला विमानतळावर गाडी सोडली, दोन टॅक्स्या केल्या. रविवारी साडेदहाला अल्हांब्रा. मूळ पासपोर्ट सोबत होते आणि दारावर तपासले. महाल आधी, मग बराच वेळ बसणं, मग हेनेरालिफेच्या बागा. किल्ल्याचे बुरूज फक्त नवऱ्यानं आणि मुलानं केले. चालणं एकूण चार-पाच किलोमीटर झालं असेल, पण पाच तासांत विभागून.

पुढच्या वेळी

शेवटची माद्रिदची रात्र मी पुन्हाही ठेवेन. ग्रनाडाहून रेल्वेनं साडेतीन तासांच्या आसपास लागतात, त्याच दिवशी विमान पकडता येतं, पण आई-बाबांच्या तोंडावरचा ताण मला नको. कोर्डोबाचं हॉटेल बदलेन. रेल्वे स्टेशनवर चाकाच्या खुर्चीची मोफत मदत आधी कळवून मिळते. बाबा "मला कशाला" म्हणाले म्हणून मी ती घेतली नाही, पण आतोचाचे लांब फलाट बघितल्यावर पुढच्या वेळी त्यांना न विचारता नोंदवेन. आणि रोंडाला तिसरी रात्र मिळाली तर सेव्हिलची एक कमी करून घेईन. याला मुलाचा विरोध आहे.

माझी नणंद सासू-सासऱ्यांना घेऊन मार्चअखेर जायचं म्हणते आहे. तिला कागद दिला तेव्हा पहिल्यांदा तारखांवर बोट ठेवलं. २०२६ मध्ये ईस्टर ५ एप्रिलला आहे. आधीच्या रविवारपासून, २९ मार्चपासून, सेव्हिलमध्ये आठवडाभर मिरवणुका. रस्ते संध्याकाळपासून मध्यरात्रीनंतरही बंद, हॉटेलांचे भाव चढलेले, टॅक्सी दारापर्यंत येणं अवघड. ज्यांना त्या मिरवणुकाच बघायच्या आहेत त्यांनी मुद्दाम तेव्हाच जावं. तिच्या सासऱ्यांना मात्र रात्रीची शांत झोप हवी असते. तिनं आता एप्रिलचा दुसरा आठवडा धरलाय आणि मार्ग उलटा केलाय, ग्रनाडापासून सुरू. अल्हांब्राची तिकिटं ती या शनिवारी काढणार आहे; पाचही पासपोर्ट नंबर काल रात्री मला पाठवून तिनं दोनदा तपासून घेतले.